बेटाला एक वळसा

पेत्रालुंगा बेटावर सायकलला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणण्यासारखं. तिथे कुणी तसं करत नाही. म्हणायचंच असेल तर तोंडावर म्हणतात.

मोटारी बेटावर नाहीत. कचऱ्याची एक तीनचाकी आहे, तीही निम्मा वेळ बंद. बाकी पाव, मासळी, गॅसच्या टाक्या, एकदा तर नवरी, सगळं सायकलवरूनच येतं-जातं. त्यामुळे एक रीत पडून गेली आहे. समोरच्या त्रापानी शहराहून येणाऱ्या बोटीचा भोंगा वाजला आणि धक्क्यावर पोचायचं असलं, की समोर दिसेल ती सायकल उचलायची आणि धक्क्यावरच्या भिंतीला टेकवून ठेवायची. मालक सवडीने चालत जाऊन घेऊन येतो. कुरकुरतो तो फक्त कुणी सीट खाली-वर केली तर.

ब्रिजिदा हे सगळं आपल्या पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगायची. चार खोल्या भाड्याने द्यायच्या आणि सायकलवरून बेट हिंडायला आलेल्यांच्या पुढे राहून त्यांना वळसा घालून आणायचं, हा तिचा धंदा. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी सहा डच आले, आपापल्या सायकली घेऊन. "कुलूप लावू नका," ती म्हणाली, आणि रीतीचा उरलेला भाग सांगणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. ती धावली. सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

मन थाऱ्यावर नव्हतंच तिचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने नणंद यायची होती.

नणंद मेलीना लग्न करून त्रापानीला गेली, त्याला जमाना झाला. ब्रिजिदाचा नवरा, म्हणजे मेलीनाचा भाऊ, वारल्यापासून या घरात दोघंच होती: ब्रिजिदा आणि तिचा सासरा इझिदोरो. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, उंच, काटकुळा, आणि मिठापासून पाद्रीबाबांपर्यंत प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारा. हिवाळ्यात तो सायकलवरून दोनदा पडला. एकदा केपरच्या काटेरी झुडपात, एकदा देवळाच्या दारात, भर लग्नाच्या वरातीसमोर. तेव्हा मेलीनाने फोनवर हुकूम सोडला: पप्पांनी पुन्हा सायकलला हात लावला तर मी त्यांना इकडे घेऊन येणार. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे.

ब्रिजिदाने शब्द दिला. म्हाताऱ्याची सायकल बोटीवर चढवून नणंदेच्या नवऱ्याच्या गॅरेजात पाठवून दिली. तेव्हापासून म्हातारा खिडकीत बसून असायचा. लोकांना ब्रिजिदा सांगायची, "नेऊ दे की तिला. माझ्या मागची कटकट तरी जाईल." आणि शुक्रवारी रात्री त्याच माणसाची नखं कापली, सदऱ्याला कडक इस्त्री केली, मानेवरचे केस भादरले. घासून-पुसून ठेवलेला बाप नणंदेला दाखवला की ती एकटीच परत जाईल, असा तिचा हिशेब.

शनिवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन ती पावभट्टीवर आली. सायकली बाहेर ओळीने भिंतीला लावल्या. आत गरम, तीळ लावलेला पाव. तेवढ्यात खाली भोंगा झाला. कुणी मान वर केली नाही.

बाहेर आले तेव्हा पाहुण्यांच्या सायकली पाच होत्या आणि सहावीच्या जागी एक काठी.

"माझी सायकल!" योस्त नावाचा उंचापुरा डच ओरडला. "चोर! पोलीस!"

"चोर कसला," भट्टीवाली दारातून म्हणाली. "भोंगा झाला ना."

"भोंगा सायकल नेतो?"

"अगं ब्रिजिदा, याला काही सांगितलं नाहीस का तू?"

ब्रिजिदा काठीकडे बघत होती. मुठीला निळी चिकटपट्टी, तिनेच गुंडाळलेली. धक्क्याकडच्या उताराच्या टोकाशी ती धावत गेली तेव्हा म्हातारा तिला दिसला.

इस्त्रीचा सदरा वाऱ्याने फुगला होता. भट्टीच्या पायरीवरून तो चढला असणार, कारण सीट एवढी उंच की पायांची टोकंच पेडलला लागत होती. लेकीला आणायला निघाला होता तो. बोटीवरून येणाऱ्या आपल्या माणसाला आजवर त्याने कधी एकटं येऊ दिलं नव्हतं. फक्त ब्रेकचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. जन्मभर त्याने पुढच्या चाकावर चपलेचा तळवा घासून सायकल थांबवली. या सायकलवर पाय तिथवर पोचेना, आणि ब्रेक तर मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलच्या खाली कुठेतरी. सरळ गेला असता तर धक्का, आणि धक्क्यापुढे समुद्र. जाळी वाळत घालतात त्या मोकळ्या जागेपाशी तो हळूच एका बाजूला कलला आणि बेटाच्या वळशाच्या रस्त्याला लागला.

जाता जाता त्याने बोटीकडे बघून एक हात वर केला. डेकवर मेलीना उभी होती. सवयीने तिचाही हात वर गेला, आणि मग ती किंचाळली.

बोटीवरून उतरताच तिने सायकल घेऊन धक्क्यावर पोचलेल्या ब्रिजिदाला गाठलं. "तो कोण होता?"

"कोण कुठला?"

"ब्रिजिदा!"

"पप्पा," ब्रिजिदा म्हणाली. "बस मागे. उलट्या बाजूने गेलो तर समोरासमोर गाठ पडेल."

योस्त भट्टीवालीची टोपलीवाली सायकल घेऊन म्हाताऱ्याच्या मागे केव्हाच सुटला होता. मेलीनाने पर्स पोटाशी धरली आणि शहरी बुटांनिशी ब्रिजिदाच्या कॅरियरवर बसली. वळशाच्या रस्त्यावर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, आणि चाकांची करकर सोडली तर आवाज नाही. म्हणजे एरवी नसतो.

"तू शब्द दिला होतास मला."

"उजवीकडे झुकू नकोस."

"मी नाही झुकत, तुझी सायकल झुकतेय. दिला होतास की नाही?"

"दिला होता. त्यांची सायकल तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजात आहे ना? मग? आता डचांच्या पण पाठवू?"

"हसतेयस तू!"

"दम लागलाय मला, हसतेय कसली. पूर्वी तुला डबलसीट घेणं सोपं होतं."

"पूर्वी कधी घेतलंस तू मला डबलसीट?"

"नाही घेतलं, तेच बरं होतं."

मेलीनाने कॅरियर घट्ट धरला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "समोरून येतायत का बघ ना. मला तुझ्या पाठीशिवाय काही दिसत नाहीये."

उत्तरेला कब्रस्तानाचा चढ आहे. डचांसारखे पट्टीचे सायकलवालेही तिथे उतरून चालतात. त्या चढाने ब्रेकचं काम केलं. सायकल आपोआप मंदावली आणि त्याने कब्रस्तानाच्या भिंतीला मिठी मारली. त्या दोघी पोचल्या तेव्हा तो तसाच होता, सीटवर बसलेला, एका हाताने भिंत कवटाळून.

"आलात? उतरवा मला," तो म्हणाला. "ही बया खाली सोडत नाही."

मागून योस्त आला, टोमॅटोसारखा लाल. त्याने आधी सायकल पाहिली, मग म्हाताऱ्याचे लटकते पाय पाहिले, मग गिअरकडे पाहिलं. "आजोबा, सगळा रस्ता तुम्ही सर्वांत जड गिअरवर आलात?"

"गिअर कुठे असतो?" म्हाताऱ्याने विचारलं.

योस्त रस्त्यातच बसला आणि हसू लागला.

त्याने आणि ब्रिजिदाने मिळून म्हाताऱ्याला खाली घेतलं. मेलीनाने त्याची नाडी बघितली, कपाळ चाचपलं, गुडघे दाबले. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याने ती जास्तच चिडली.

"पुरे झालं. दुपारच्या बोटीने चला. बॅग मी भरते."

"बरं," इझिदोरो म्हणाला.

एवढंच. ब्रिजिदाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने या माणसाच्या तोंडून नुसतं 'बरं' ऐकलं नव्हतं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

"ते नाही येणार," ब्रिजिदा म्हणाली.

"हे कोण ठरवणार? तू?"

"हो." बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण आता थांबून उपयोग नव्हता. "मी तुला फोनवर सांगायचे ना, छान आहेत, शांत आहेत. शांत होते हे खरं. मयत नेल्यावर घर शांत असतं ना, तसे. मी सकाळी कॉफी ठेवायचे, दुपारी तीच गार उचलायचे. त्यांची सायकल परत पाठव, मेलीना. पडले तर मी उचलीन."

"आणि उचलायच्या पलीकडे गेलं तर?"

"तर इथवर आणायला चढ आहे," म्हातारा भिंतीपलीकडे हात करून म्हणाला. "तेवढं खांदेकऱ्यांना आधी सांगा."

"पप्पा, तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदम ओरडल्या.

योस्तने सायकलची साखळी तपासायला मान खाली घातली.

मेलीना रडत होती, पण तो राग होता. "सख्खी मुलगी नाहीस ना, म्हणून जमतं तुला हे." ब्रिजिदाला वाटलं, असेलही तसं. "मग ऐक," मेलीना म्हणाली. "उद्या काही झालं तर मी नशिबाचं नाव घेणार नाही. ब्रिजिदाने केलं, असं म्हणेन. देवळात, सगळ्यांसमोर म्हणेन. चालेल तुला?"

मेलीना बोलते ते करते. आईच्या मयतीला दोन मावश्यांबद्दल बोलली होती, त्या अजून तिच्याशी बोलत नाहीत. ब्रिजिदाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याने वर बघितलं नाही. एक पाय तेवढा दुसऱ्यावर घासत राहिला.

"चालेल," ब्रिजिदा म्हणाली.

दुपारच्या बोटीने मेलीना गेली. बापाच्या दोन्ही गालांचा मुका घेतला, ब्रिजिदापुढे एकच गाल केला. डबा भरून कापोनाता, वांग्यांची आंबटगोड भाजी, दिली होती, ती मात्र नेली. "सायकल मंगळवारी येईल," शिडीवरून, मागे न बघता. "घंटी बसवून पाठवते. निदान लोक तरी बाजूला होतील."

संध्याकाळी इझिदोरो चपलांसकट कोचावर झोपला. जेवताना त्याने मासा खारट झाल्याची तक्रार केली होती, आणि योस्तच्या सायकलबद्दलही केली होती: बनवणाऱ्याला बेट म्हणजे काय ते माहीत नाही. पाहुणे अंगणात मोठमोठ्याने हसत होते. ब्रिजिदा हात पुसत दारात थांबली. त्याची छाती वर-खाली होताना दिसेना, म्हणून जवळ गेली, वाकली. होत होती. सावकाश, पण होत होती.

आता हे रोज करावं लागणार, तिच्या मनात आलं. दिवसातून किती वेळा, ते तिला अजून माहीत नव्हतं. तिने त्याच्या चपला काढल्या, कोचाखाली सरकवल्या, आणि उद्याचे कांदे चिरायला बसली.