गंजावरचं ग्राफीन

मित्रांनो, स्मृति नगरातल्या पाण्याच्या टाकीला टेकून उभी आहे ती जुनी लोखंडी शिडी म्हणजे मीच. मला माझीच किळस येते. का, ते ऐका.

माझा जन्म इथलाच, भिलाईच्या पोलाद कारखान्यातला. वीस वर्षं रोज सकाळी टिकाराम माझ्यावरून चढायचा आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. ऊनपाण्यानं मला गंज चढला. माझी सातवी पायरी तर लालभडक झाली, तिचे पापुद्रे सुटू लागले. टिकाराम ती ओलांडून थेट आठवीवर पाय ठेवायचा. "इचा काही भरोसा नाही," म्हणायचा. मला कधी राग आला नाही. खरंच होतं ते.

मग वसाहतीचे सेक्रेटरी धनंजयसाहेब ग्राफीनच्या लेपाचा डबा घेऊन आले. कार्बनचा हा थर हवापाणी लोखंडापर्यंत पोचू देत नाही. वस्तू गुणी आहे हो! रंगारी दयाराम म्हणाला, "साहेब, पहिले जंग खरडा लागते. लोखंड चमकलं का मंग लावतो."

"कावून टाइम खोटी करून राहिला? उद्या टाकी पाहाले पाहुणे येऊन राहिले. मार वरूनच!" साहेब खेकसले.

शी! गंज, धूळ, कबुतरांची घाण, सगळ्यावर लेप चढला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. वरून कीर्तन, आतून तमाशा!

टिकारामनं विचारलं, "साहेब, सातवी बदलवली का?"

"अबे, ग्राफीन पोलादाहून मजबूत असते. बिनधास्त चढ."

पोलादाच्या गावात राहून एवढंही कळू नये? कुजलेल्या लोखंडाला वरच्या लेपानं जोर येतो का कधी? टिकारामनं विश्वासानं सातवीवर पाय दिला आणि ती तुटली. त्याचा गुडघा असा फुटला, की आता तो कधीच चढू शकणार नाही.

आठवड्यानं साहेब नवा डबा घेऊन हजर! "नवी पायरी ठोकू, बाकीले अजून एक हात मारू."

टिकारामची बायको नलू तिथंच उभी होती. तिनं नखानं माझा लेप सोलला. खालून ओला लाल चुरा निघाला. तो तिनं साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या तुमचं ग्राफीन. माह्या माणसाचा पाय याच्यावर होता."

साहेबांनी घाईघाईनं हात रुमालाला पुसला.

मित्रांनो, लेपाला नावं ठेवू नका. मी कितीही ओंगळ दिसले तरी आधी मला खरडा. खरडून काही उरलंच नाही, तर खुशाल भंगारात टाका. पण माझ्यावर माणूस चढवू नका.