पाचव्या ग्लासातली आत्या

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे चिमणी म्हणतात. ही चिमणी लिफ्ट दुरुस्त करते. आठवडाभर ग्रीसमध्ये हात माखून घेते आणि शनिवारी संध्याकाळी पाय पसरून दोन घोट बर्बन घेते. मक्याची ही व्हिस्की तिची लाडकी, पण तिची पारख जगावेगळी. प्रत्येक बाटलीत तिला एकेक नातेवाईक सापडतो.

"हा मोठा काका," ती म्हणते. "दारातूनच खाकरतो, पण मन लोण्यासारखं." नाहीतर, "ही मावसवहिनी. गोड गोड बोलली, गेली, आणि काय बोलली ते काही आठवत नाही."

आमच्या भावोजींचं चष्म्याचं दुकान. पाव नंबर इकडेतिकडे झालेला त्यांना खपत नाही. तेही बर्बनचे शौकीन, आणि प्रत्येक बाटलीला शंभरापैकी गुण देणार.

"चिमणे, हा पोरखेळ आहे," ते म्हणाले. "आज जिला आत्या म्हणशील, तिलाच उद्या काका म्हणशील."

"बघूच की," चिमणी म्हणाली.

रविवारी जेवणाआधी सगळे जमलो. सख्खी आत्याही आली होती. ताईनं, म्हणजे भावोजींच्या बायकोनं, स्वयंपाकघरात बर्बनचे सहा ग्लास भरले आणि नंबर चिकटवून बाहेर आणून मांडले. बाटल्या आतच ठेवल्या.

पहिल्या ग्लासाला चिमणी सहज म्हणाली, "काका." दुसऱ्याचा घोट घेतला आणि आत्याकडे चोरून पाहिलं.

"बोल की," भावोजी म्हणाले.

"आत्या," ती हळूच म्हणाली. "आधी पाठीवरून हात फिरवते, मग चिमटा काढते."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आत्यानं पदर सारखा केला. "चिमटा कुठे काढते, ते सांग."

"घशात."

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली. भावोजींनी त्या ग्लासाला एक्क्याण्णव दिले.

तिसरा, चौथा झाला. पाचव्याला भावोजींनी तोंड वाकडं केलं. "अठ्ठ्याहत्तर. तेही दया म्हणून."

चिमणीनं घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा घेतला. "ही आत्याच आहे. निरोप घेऊन गेली आणि पर्स विसरली म्हणून परत आली."

भावोजींनी मांडीवर थाप मारली. "सापडली! एका घरात दोन आत्या!"

ताई शांतपणे आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. "दुसरा आणि पाचवा, दोन्ही हिच्यातलेच. मी मुद्दाम भरले होते."

भावोजी त्या बाटलीकडे बघतच राहिले. एकाच बर्बनला एक्क्याण्णव आणि अठ्ठ्याहत्तर! चिमणीच्या तोंडावर असं हसू पसरलं, की दहाव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट एका झटक्यात सुरू केल्यावरही तसं पसरत नसेल. आत्यानं पाचवा ग्लास उचलला, चव घेतली आणि म्हणाली, "पोरगी खोटं बोलत नाही. मी अशीच आहे."

मग जो तो ग्लासांवर तुटून पडला. मामा कुठला, आजी कुठली, यावरून वादावादी जुंपली. सगळ्यांत शेवटी भावोजी खाकरले. "चिमणे, यात मी कुठे आहे?"

चिमणीनं सहाही ग्लास नीट पाहिले.

"तुम्ही अजून पिंपात आहात, भावोजी. मुरायचे आहात."

सगळ्यांत मोठ्यानं भावोजीच हसले. त्यांनी स्वतःच्या हातानं चिमणीचा ग्लास भरला, आणि अख्ख्या खानदानाची वर्णी लागेपर्यंत कोणी जेवायला उठलं नाही.