सरळ केलेलं दार

गॅरेजच्या धंद्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ठेचलेलं दार, चेपलेलं बॉनेट त्यांच्या हाती द्यावं आणि निर्धास्त व्हावं. पुट्टीचं त्यांना वावडं. खड्डा बुजवायचा नसतो, समजूत काढून बाहेर आणायचा असतो, असं म्हणत ते पत्र्याला आतून हलके हलके ठोकत बसायचे.

त्याच हातांनी आता घात केला होता.

सिग्नल तोडून आलेली गाडी उस्तादांच्या गाडीच्या मागच्या दारावर आदळली, तेव्हा त्या दाराशी त्यांची लेक बसली होती. तिच्या गुडघ्याचा चुरा झाला. धडक देणाऱ्या गृहस्थाने हात जोडले, सगळं भरून देतो म्हणाला, दवाखान्यापर्यंत सोबतही आला. पोरीला उचलायच्या गडबडीत फोटो काढायचं कुणाला सुचणार? त्याच्या शब्दावर विसंबून उस्तादांनी तक्रारही उशिराच केली. तोवर गृहस्थाने कानांवर हात ठेवले होते. गाडी नुसती घासली, मुलगी घरीच कुठेतरी पडली असेल, म्हणे. दुसरं ऑपरेशन झालं नाही तर पाय कायमचा ताठ राहणार होता, आणि भरपाई मिळाल्याशिवाय ते ऑपरेशन उस्तादांच्या आवाक्यात नव्हतं.

त्यात ड्रेसिंगला न्यायची वेळ आली की ते चेपलेलं दार पाहून पोर लटलट कापायची. बापाला बघवेना. त्याने दार उतरवलं, ठोकलं, रंगवलं. इतकं झकास काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरला, दारावरून बोटं फिरवली.

"काका, नुकसान कुठंय?"

उस्तादांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. ऐकून घेतलं, मग म्हणाला, रंगाखाली काही खूण असेल तर दाखवा. उस्तादांनी ग्राइंडर लावला. कर्कश आवाज करत रंग उडाला आणि खाली पत्रा निघाला, आरशासारखा सपाट.

"निदान पुट्टी तरी भरायची, तिची खूण सापडली असती," सर्व्हेअर पुटपुटला. दिसेल तेच लिहावं लागतं, एवढं सांगून तो फोन घ्यायला बाहेर गेला.

उस्तादांनी हातोडा उचलला. कुठे किती खोल गेलं होतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. दोन घावांचं काम. त्यांनी हात वर नेला.

"मारू नका, बाबा. मी आत आहे."

ग्राइंडरच्या आवाजात कुबड्या टेकत ती पलीकडच्या दाराने कधी येऊन बसली, त्यांना कळलंच नव्हतं. ताठ पाय सीटवर पसरून ती खिडकीतून बघत होती.

"खरा खड्डा होता गं तो," उस्ताद म्हणाले.

"मला सांगताय? मीच होते ना इथं." तिने आतून दारावर हात ठेवला. "पण तुम्ही आत्ता पाडाल, तो खरा नसेल."

सर्व्हेअर आत आला. हातोडा त्याला दिसला. त्याने खरवडलेल्या दाराचा फोटो काढला, न सांगता पोरीच्या पायाचाही काढला. मग 'दारास नुकसान आढळले नाही' असं लिहिलं आणि खाली उस्तादांची सही घेतली. पायाच्या फोटोचं काही होईल का, असं उस्तादांनी विचारलं. सर्व्हेअरने नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

तो गेल्यावर उस्तादांनी दार उघडलं, लेकीच्या पायाखाली उशी सारली आणि दार लोटलं. ते इतकं अलगद लागलं की आवाजसुद्धा झाला नाही.