आठ एमबीतले हात

सकाळी साडेदहाला अस्मिता कसबा पेठेतल्या स्टुडिओत कुणाच्या तरी सप्तपदीची कापाकापी करत बसली होती, तेव्हा टेबलावरचा मोबाइल थरथरला. 'आपल्या व्हिडिओत आवाज आढळला नाही. सबब, आपला अर्ज बाद करण्यात येत आहे.'

तिने ते दोनदा वाचलं आणि स्टुडिओचे मालक साईनाथ यांच्यापुढे मोबाइल धरला. ते आधी हसले, मग तिचा चेहरा पाहून त्यांनी मेसेज पुन्हा वाचला.

अस्मिताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तरी गेली नऊ वर्षं ती याच स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जुळवत होती. पडद्यावर आवाजाची रेघ वरखाली होते, ती पाहून सनई कुठे थांबली आणि टाळ्या कुठे पडल्या हे ती अचूक सांगायची. त्यामुळे शहरातल्या एका खासगी संस्थेला कर्णबधिर मुलांना व्हिडिओ एडिटिंग शिकवायला शिक्षक हवा आहे, ही जाहिरात वाचून तिला वाटलं होतं, ही जागा आपल्यासाठीच निघाली आहे. अट एवढीच होती: दोन मिनिटांत स्वतःची ओळख, एमपीफोर फाइल, आठ एमबीच्या आत.

त्या आठ एमबीसाठी तिने कर्वेनगरच्या घरी अख्खा रविवार घातला होता. मोबाइलवर काढलेला मूळ व्हिडिओ भरला दोनशे तीस एमबी. तो तसाच दाबून लहान केला, तर तिची बोटं एकमेकांत विरघळली. 'शिकवणे' आणि 'देणे' या खुणांतला फरकच कळेना. मग तिने फ्रेम कमी केल्या, तर हात इथून तिथे उड्या मारायला लागले. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा थोडा पुसट झाला तरी त्याचं बोलणं पोचतं. तिचं बोलणं बोटांतच होतं. बोटं पुसली गेली तर ती मुकीच होणार होती.

शेवटी तिने मागचा फुलाफुलांचा पडदा काढून टाकला. पंख्याने हलणारं एकेक फूल फुकट जागा खात होतं. कोरी भिंत, बिनछापाचा गडद निळा कुडता, डोक्यापासून कमरेपर्यंतचीच चौकट. चित्राचा आकार लहान केला, पण फ्रेम एकही सोडली नाही. मोबाइल ज्या नव्या पद्धतीत व्हिडिओ साठवतो ती जुन्या फोनवर उघडत नाही, म्हणून सगळीकडे चालणाऱ्या जुन्या पद्धतीत फाइल केली. आणि आवाज काढून टाकला. तो जवळजवळ चौथा हिस्सा जागा अडवत होता आणि तिच्या काहीच कामाचा नव्हता. ती सगळी जागा तिने हातांना दिली. फाइल झाली सात पूर्णांक सहा. बोटन् बोट स्पष्ट.

आणि आता हे.

दुपारची सुट्टी टाकून ती संस्थेच्या कार्यालयात गेली. अर्जांच्या टेबलावर कल्याणी मॅडम होत्या. अस्मिताने वही पुढे सरकवली: 'ही मुलं आवाज ऐकणार आहेत का?'

कल्याणी मॅडमनी लिहिलं, 'नियम सर्वांना सारखा आहे. आवाज नसेल तर सिस्टिम फाइल घेत नाही.'

'माझ्याकडे आवाज नाही.'

'घरच्या कोणाला तरी तुमच्या वतीने बोलायला सांगा. मागून आवाज टाकता येतो ना? तुम्ही तर त्यातल्याच आहात.'

'त्यातल्याच' या शब्दाखाली अस्मिताने एक जाड रेघ ओढली आणि वही उचलून निघाली.

संध्याकाळी थोरला भाऊ धम्मदीप बँकेतून आला तेव्हा तिने त्याला सगळं हातांनी सांगितलं. लहानपणापासून तिच्या हातांशी बोलत आलेला तो घरातला पहिला माणूस होता. बूटही न काढता तो खुर्चीत बसला.

"एवढंच ना? मी बोलतो. दोन मिनिटांचं काम आहे," त्याने हातांनी म्हटलं.

"तू काय बोलणार? 'मी अस्मिता'? तुझ्या आवाजात?"

"मग तुझ्या वहिनीला सांगतो. बाईचा आवाज होईल."

"प्रश्न बाईचा नाही, दादा. मी बोललेय. पूर्ण दोन मिनिटं बोललेय. त्यावर दुसऱ्या कुणाचं तोंड लावलं, की ते तोंड ऐकतील आणि माझे हात बघणारसुद्धा नाहीत."

"जागा हातची जाईल, अस्मी."

"जाऊ दे. पण जाताना माझ्या हातांनी जाईल."

धम्मदीपने वाकून बूट काढले. मग त्याने विचारलं, "शूटिंग करताना माइक चालू होता का?"

अस्मिता थबकली. चालू असणारच. तिने काढून टाकला तो त्या खोलीचाच आवाज होता, आणि मूळ फाइलमध्ये तो अजून होता. तिने तो कधी तपासलाच नव्हता, कशाला तपासेल? तिने फाइल लावली आणि धम्मदीपला ऐकायला बसवलं. हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले. हसू आवरत तो एकेक सांगू लागला: "कुकरच्या तीन शिट्ट्या. भंगारवाला, 'रद्दी, पेपर' करतोय. मी फोनवर कुणाला तरी झापतोय. आणि मध्येमध्ये तुझ्या हातांचे फटके, तळव्यावर तळवा. ते मस्त येतायत."

"हेच पाठवायचं," अस्मिता म्हणाली.

"ऐकून काय म्हणतील?"

"आवाज हवा होता त्यांना. घ्या म्हणावं."

तिने तो आवाज इतका बारीक दाबला की त्याने जेमतेम पाव एमबी खाल्लं. हातांची एक रेषही कमी केली नाही. सात पूर्णांक नऊ. अर्ज पुन्हा भरला, तेव्हा संस्थेच्या यंत्राने फाइल मुकाट गिळली.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तीच फाइल तिने कर्णबधिर मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं: 'या जागेसाठी मला माझ्या भाषेत बोलू देत नव्हते.' फाइल हलकी होती, कुठेही उघडत होती, त्यामुळे ती पळाली. लोणी काळभोरचा सूरज त्याच संस्थेत शिकत होता. त्याच्या आजोबांच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवरही ती नीट चालली. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या अकराही मुलांकडे ती होती. ती सगळी मधल्या सुट्टीत कल्याणी मॅडमच्या टेबलाभोवती उभी राहिली आणि अकरा मोबाइल त्यांच्यासमोर धरले. सूरजने कागदावर लिहिलं: 'आधीच्या सरांचं आम्हाला काही कळत नव्हतं. या बाईंचं सगळं कळलं.'

तिसऱ्या दिवशी अस्मिताला मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला दुभाषी नव्हता. विचारलं तर म्हणाले, तशी तरतूद नाही. धम्मदीप बाहेर बसला होता, पण तिने त्याला आत येऊ दिलं नाही. संचालक अनिरुद्ध सर मधल्या खुर्चीत होते. प्रश्न लिहून येत होते, ती फळ्यावर उत्तरं लिहीत होती. एडिटिंगच्या उत्तरांत कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

शेवटी अनिरुद्ध सरांनी चिठ्ठी सरकवली: 'आपले काम उत्तम आहे. परंतु आपण स्टाफशी संवाद कसा साधणार, ही आमची अडचण आहे.'

अस्मिताने फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'अडचण आपली आहे, हे आपणच लिहिलंत. मुलांशी बोलायला मी आहे. माझ्याशी आणि मुलांशी बोलायला स्टाफने शिकावं. दर मंगळवारी पाच वाजता मी वर्ग घेईन.'

खडू ठेवून ती तशीच उभी राहिली. खाली बसली नाही. कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या कल्याणी मॅडमनी तेवढ्यात हात वर केला आणि काहीतरी बोलल्या. अनिरुद्ध सरांनी भुवया उंचावल्या. ते काय, हे अस्मिताला नंतर धम्मदीपकडून कळलं. दार उघडं होतं, त्याने ऐकलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "सर, माझं नाव पहिलं लिहा."

नेमणूक तीन महिन्यांची झाली, 'प्रायोगिक तत्त्वावर'. अस्मिताने ते पत्र घेतलं, पण सही करण्याआधी त्यातला 'मूकबधिर' हा शब्द खोडून 'कर्णबधिर' लिहिला आणि शेजारी तारीख टाकली. मुकी ती कधीच नव्हती.

पहिल्या मंगळवारी चार जण आले: कल्याणी मॅडम, शिपाई दशरथ आणि दोन शिक्षिका. कल्याणी मॅडमना स्वतःचं नाव बोटांनी लिहिताना घाम फुटला. अस्मिताने त्यांचा अंगठा धरून सरळ केला, पुन्हा करायला लावलं, आणखी एकदा करायला लावलं. दशरथ मात्र पहिल्याच दिवशी 'चहा' शिकला आणि सगळ्यांना विचारत सुटला.

अनिरुद्ध सर उगवले तिसऱ्या मंगळवारी, वीस मिनिटं उशिरा. पुढची खुर्ची रिकामी होती, तिकडे ते वळले. अस्मिताने मान हलवली, मागच्या बाकाकडे बोट दाखवलं, आणि ते बसेपर्यंत थांबून राहिली.