एक चिलापी, दोन व्याही

उजनीच्या पाण्यावर व्याह्याला मासे धरायला न्यायचं, यात जोतिरामचा चहूबाजूंनी फायदा होता. एक तर माहेरी जाऊन बसलेली सून आपसूक घरी येणार होती. दुसरं, तिला आणायला सांगोल्यापर्यंत जाऊन व्याह्याच्या ओसरीवर मान खाली घालून बसावं लागणार नव्हतं. आणि तिसरं, ज्या माणसानं जन्मभर टँकरची वाट बघितली, त्याला टेंभुर्णीकडं पाणी म्हणजे काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघायला मिळणार होतं. खर्चाच्या बाजूला एक पहाट आणि थोडी थंडी. एवढंच.

सोनाली दिवाळीला सांगोल्याला गेली, ती मार्गशीर्ष सरून पौष लागला तरी परतली नव्हती. कारण म्हटलं तर एका खवल्याएवढं. दिवाळीच्या तोंडावर घरी पाहुणे जेवायला होते आणि सोनालीनं साफ केलेल्या माशात एक खवलं राहिलं. एकच, पण ते नेमकं जोतिरामच्या ताटात आलं. पाहुण्यांसमोर जोतिराम म्हणाला, "हिच्या बापाच्यात मेंढरंच कातरायची सवय. मासा काय कातरून साफ हुतोय व्हय?"

पाहुणे हसले. सोनाली हसली नाही. जोतिरामच्या बापानंही हयातभर मेंढरंच राखली होती, पण धरणाचं पाणी आलं, मागून ऊस आला, आणि उसामागून विसरण्याची सवय आली.

सांगोल्याहून निरोप आला, "मामांनी स्वतः न्यायला यावं, मग येते." टेंभुर्णीहून उलटा गेला, "पोरीच्या बापानं आणून सोडायची रीत हाय." दोन्ही घरं आपापल्या रितीवर मांडी घालून बसली.

मधल्या मधे ऋतुराज, म्हणजे जोतिरामचा एकुलता मुलगा, शनिवारी सांगोल्याला जायचा आणि सोमवारी परतायचा. पुढं मंगळवारी परतायला लागला. गेल्या आठवड्यात तर तो सासऱ्याच्या बागेत डाळिंबाची छाटणी करतानाचा फोटो सोनालीनं स्टेटसला ठेवला, आणि चौकातल्या चहावाल्यानं जोतिरामला कपाबरोबर विचारलं, "काय आण्णा, पोरगा घरजावई दिला म्हनं?"

त्या चहाची चव जोतिरामच्या तोंडातून दोन दिवस गेली नाही. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता. सून गेली तर गेली, पण तिच्यामागं पोरगाही चालला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगोल्याला फोन लावला. "पाव्हणं, मासं धरायला या. पोरीलाबी आना संगं, तेवढंच तिला पानी बघायला मिळंल."

व्याही बिरप्पा आला. पहाटे, धुक्यातून, खांद्यावर घोंगडी टाकून. जोतिरामनं त्याच्या पाठीमागं बघितलं. पाठीमागं नुसतं धुकं होतं.

"एकटंच?"

"मासं धरायला किती मानसं लागत्यात?" बिरप्पा म्हणाला.

ज्याच्याकडून जोतिराम मासे घ्यायचा, त्या ज्ञानबा कोळ्यानं होडी काठाला लावली. जोतिरामनं खास मागवलेला चकरीचा गळ, नवं जर्किन, कानटोपी असा सगळा थाट केला होता. व्याह्याच्या हातात त्यानं दोरी-गळ बांधलेली बांबूची काठी दिली. बिरप्पा आयुष्यात पहिल्यांदा होडीत पाय टाकत होता. दोन्ही हातांनी होडीचे काठ धरून तो खाली बसला आणि पाण्याकडं संशयानं बघत राहिला.

"खोल हाय का?"

"भ्यायचं न्हाय पाव्हणं," जोतिराम म्हणाला. "आमचं रोजचंच हाय हे."

"रोजचं व्हय?" ज्ञानबा वल्हं मारता मारता म्हणाला. "आण्णा, तुमाला होडीत बसल्यालं मी आज पयल्यांदा बघतोय. तुमी काठावरनंच माशांची पिशवी न्हेता की."

बिरप्पानं तोंड घोंगडीत घातलं. हसला की शिंकला ते जोतिरामला कळलं नाही.

मधल्या पाण्यात गळ टाकून दोघं बसले. वारा पाण्यावरून सरळ जर्किनात शिरत होता. दूरवर पक्ष्यांचा थवा एका पायावर उभा होता, तेवढेच काय ते सुखी दिसत होते. जोतिरामनं विषय काढला.

"मग सोनालीला कवा आनून सोडताय?"

"न्यायला कवा येताय?"

"रीत काय हाय पाव्हणं? बापानं सोडायचं."

"बापानं एकदा सोडलीया की. हळद लावून, वाजत गाजत."

"आवाज केल्यावर मासा येत न्हाय," ज्ञानबा म्हणाला.

दोघं गप्प झाले. जोतिरामचे दात मात्र गप्प बसेनात. बिरप्पानं घोंगडीचं एक टोक उचलून धरलं. जोतिरामनं पाण्याकडं बघितल्यासारखं केलं. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा पाण्याकडं बघितल्यासारखं केलं आणि सरकत सरकत घोंगडीत शिरला. आत मेंढरांचा आणि धुराचा वास होता, आणि ऊब होती. बापाच्या अंगाला असाच वास यायचा, हे त्याला आठवलं. पण ते व्याह्याला सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात बांबूची काठी वाकली.

"आलं! वडा, वडा पाव्हणं!" ज्ञानबा ओरडला. बिरप्पानं मेंढराचा कान धरून ओढावा तशी दोरी ओढली, आणि पंजाएवढ्या रुंदीची चिलापी होडीत येऊन तडफडायला लागली. जोतिरामच्या चकरीच्या गळाला सकाळपासून शेवाळाशिवाय काही लागलं नव्हतं.

बिरप्पा माशाकडं बराच वेळ बघत राहिला. "ह्याचं आता काय करायचं? आमी तर खात न्हाय. मला वासच सोसत न्हाय."

"साफ करायचा, कालवन करायचं. हाय काय त्यात?"

"सोपं असतंय?"

"पोरासोरांचं काम."

बिरप्पानं घोंगडी सारखी केली. "मग असं करू पाव्हणं. मेंढक्यानं मासा धरलाय. आता तुमी तो आपल्या हातानं साफ करून दावा. नीट झाला, तर आजच्या आज पोरगी आनून सोडतो. वर चार मानसांत सांगतो, माझ्या पोरीला ह्यातलं काय येत न्हाय, चूक आमची. बिघडला, तर तुमी सांगोल्याला यायचं."

"आन नीट झाला का बिघडला, हे ठरवनार कोन?"

"तुमीच की. मला माशातलं काय कळतंय?"

जोतिरामला हसू आवरेना. खेळणारा तोच, पंचही तोच. असा करार त्यानं साखर कारखान्याच्या संचालकांनाही मिळालेला बघितला नव्हता. "ठरलं," तो म्हणाला. "ज्ञानबा साक्षीला."

घरी ओट्यावर जोतिराम विळी घेऊन बसला. बिरप्पा समोर बाजेवर. शेजारची चार माणसं धारा काढून आली होती, ती तिथंच उभी राहिली. जोतिरामची बायको अंबुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिनं हाताची घडी घातली. इतक्या वर्षांच्या संसारात ती घडी जोतिरामनं कधी बघितली नव्हती.

त्यानं डोक्याकडून शेपटीकडं खरवडायला घेतलं. खवलं हललं नाही. जोर लावला तर मासाच हातातून सुटून शेजाऱ्याच्या पायावर गेला.

"सांग की गं, कसं करत्यात," तो हळूच म्हणाला.

"मला काय इचारताय? पोरासोरांचं काम न्हवं का," अंबुबाई म्हणाली. "पाव्हणं, च्या घ्या."

उलटं खरवडल्यावर खवली सुटतात, हा शोध त्याला स्वतःच लावावा लागला. मग ती इतकी सुटली की मिशीत, कानटोपीवर, चहाच्या कपात जाऊन बसली. पाठीचे काटे दोनदा अंगठ्यात शिरले. शेवटी पोट फाडून त्यानं आतलं सगळं एका हिसक्यात ओढलं, आणि बोटांवरून काहीतरी हिरवं ओघळलं.

स्वयंपाकघरात अंबुबाई कुजबुजली, "पित्त फुटलंय. विषासारखं कडू हुईल."

"गप बस. पाव्हण्याला कुटं खायचाय?" जोतिराम म्हणाला.

कालवण झालं. बिरप्पापुढं पिठलं-भाकरी आली, जोतिरामपुढं चिलापीचे दोन तुकडे. सगळ्यांच्या नजरा त्याच्या तोंडाकडं लागल्या. पहिल्या घासाला जोतिरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो घास त्यानं गिळला.

"कसा झालाय?" बिरप्पानं विचारलं.

"फस्क्लास."

"खवलं?"

"औषधाला न्हाय."

"मग वाढा की इहीणबाई त्यांना. एवढा चांगला झालाय तर आडवा हात मारू द्या."

अंबुबाईनं वाढलं. पुन्हा वाढलं. रस्साही ओतला. जोतिरामनं शेपटीपर्यंत सगळं खाल्लं, कारण एक तुकडा जरी ताटात राहिला असता तरी सांगोल्याची वाट धरावी लागली असती.

बिरप्पा शब्दाला पक्का निघाला. हात धुऊन त्यानं चार माणसांसमोर टोपी सारखी केली आणि मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, आमच्या पोरीला मासा साफ करता येत न्हाय. चूक आमची. पाव्हण्यांचा हात मातूर लई बेस, तुमी सगळ्यांनी बघितलाय, त्यांनी सोता चाखूनबी सांगितलंय." मग फोन लावून स्पीकरवर टाकला. "सोनाली, पिशवी भर. ऋतुराजलाबी सांग, दोगांनाबी सांजच्याला आनून सोडतो. आन आइक, मासं साफ करायची काळजी आता करू नगंस. तुजं मामा करत्यात, तुला हातबी लावू द्यायचं न्हाईत."

"खरंच मामा?" फोनमधून आवाज आला.

चारही माणसं जोतिरामकडं बघत होती. नाही म्हणावं तर चिलापी बिघडली होती असं कबूल करायला लागणार. जोतिरामच्या तोंडात अजून कडू होतं.

"व्हय," तो म्हणाला. "ये तू."

"मग माजंबी सुटलं म्हनायचं," अंबुबाई म्हणाली आणि विळी धुऊन त्याच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवून आली.

संध्याकाळी सून आली, पोरगा आला, चौकातल्या चहावाल्याचं तोंड बंद झालं. तेव्हा जमेची बाजू जोतिरामनं मांडली होती तशीच भरली, कुणी एक दाणा कमी दिला नाही. ऋतुराजला बायको मिळाली. सोनालीला एक काम कायमचं कमी झालं, अंबुबाईला लग्नापासूनचं. बिरप्पानं पोरगी आणून सोडली, पण मान खाली घालून नाही. आणि दिलं कुणी म्हणाल, तर दोघांनीच. चिलापीनं जीव एकदाच दिला, जोतिराम दर रविवारी ओट्यावर खवली काढत देतो.