दोन मुठी जास्तीची साखर

पालमीराने तो केक हजारदा तरी केला असेल. हेझलनट भाजायचे, फडक्यात चोळून सालं काढायची, कुटायचे, आणि साखर? एक मूठ, बस्स. कारण घरातली सगळ्यात जुनी लाल वाइन जेवणाच्या शेवटी, केकबरोबरच उघडायची, ही तिच्या बापाची पद्धत. तिचा भाऊ चेलेस्तिनोदादा करायचा ती वाइन तुरट, गोडाचा लवलेश नसलेली. केक गोडमिट्ट झाला, की त्यावर तीच वाइन आंबट आणि कडू लागते, हे त्यांच्या द्राक्षमळ्यांच्या टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच रविवारी झालं ते चुकून झालं, असं म्हणायची सोय नव्हती. तिने मोजून तीन मुठी घातल्या होत्या.

त्या दिवशी व्हेरोनाहून व्यापारी बोल्फो जेवायला आले होते. वाइन पसंत पडली, तर ते दादाला आपल्या तळघरांचा प्रमुख करून नेणार होते. साठीला टेकलेल्या दादाने आयुष्यभर याच बोलावण्याची वाट पाहिली होती. आणि पालमीराने? भावाचं घर सांभाळता सांभाळता तिचं लग्न राहूनच गेलं. तो गेल्यावर तिने काय भिंतींशी बोलायचं?

बोल्फोंनी केकचा तुकडा खाल्ला, वर घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "बरी आहे," ते म्हणाले.

दादानेही केक खाल्ला, घोट घेतला. मग ताटलीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"साहेब, वाइनच बिघडलीय," दादा म्हणाला. "माझ्या हातात पूर्वीचं कसब राहिलं नाही आता."

निघताना बोल्फोंना कसंसंच वाटलं असावं. "बुधवारपर्यंत विचार करा," ते म्हणाले. "दुसरी बाटली चाखायला येईन मी."

"नको साहेब. आता मला घर सोडता यायचं नाही."

झालं, पालमीराला हवं होतं तेच झालं. पण मेलं सुख कुठे होतं? दादा चिडेल, धुसफुसेल, असं तिला वाटलं होतं. तो उलट मऊच झाला. चूल स्वतः पेटवायला लागला, सोमवारी चर्चला जाताना तिचा हात धरून चालला. "दमलीस का गं?" म्हणून दहादा विचारलं. त्याने विचारलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बिचाऱ्याचा स्वतःवरचा भरवसाच उडवला आपण, चांडाळीण आहोत, असं ती मनात म्हणायची आणि कामाला लागायची.

मंगळवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर दादा डब्यांना कागद चिकटवत होता. एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, साखर. दुसऱ्यावर, मीठ.

"हे काय खूळ काढलंस?"

"असू दे गं. हाताशी बरं पडतं."

तिला आई आठवली. आईचं विसरणं असंच सुरू झालं होतं, पोलेंटात, मक्याच्या त्या लापशीत, दोनदा मीठ घालण्यापासून. तेव्हाही याच डब्यांवर दादानेच कागद लावले होते. म्हणजे रविवारी पहिल्या घासालाच याला कळलं होतं! वाइनचा दोष नाही हे कळूनही याने तो परक्या माणसासमोर स्वतःवर घेतला, बहीण विसरायला लागली असं समजून.

"दादा, मी विसरले नव्हते," ती म्हणाली. "मुद्दाम घातली साखर. तू जाऊ नयेस म्हणून."

दादाच्या हातातला कागद तसाच राहिला.

"म्हणजे... तुला काही झालेलं नाही?"

"नाही रे."

"देवा, तुझे उपकार!" तो मटकन खाली बसला आणि तोंड झाकून लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने त्याने तो हळूच बाजूला केला.

तिनेच फोन आणून समोर ठेवला. "लाव. आणि माझं नाव सांग त्यांना."

त्याने नंबर फिरवला.

"साहेब, चेलेस्तिनो बोलतोय. रविवारी चूक माझीच झाली, बाटली चुकीची उघडली. उद्या याल का? हो, हो, केक आहेच. माझ्या बहिणीसारखा केक इथे कुणाला जमत नाही."

बोलताना त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. पालमीरा ओट्याला धरून उभी होती. त्याने निदान एक शिवी तरी घालायला हवी होती.