तिजोरीत मावलेली बंदूक

माझा नवरा विनायक केंद्र सरकारात अवर सचिव आहे. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणारा दिल्लीतला तो बहुधा एकटाच. सासरे गेल्यावर त्यांची बंदूक रीतसर परवान्यासह आमच्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आली. शस्त्र कुलपात ठेवायचं, म्हणून यानं तिजोरी आणून भिंतीत बसवली. बंदूक तिच्यात मावेना.

"तिजोरी बदल," मी म्हटलं.

"सोसायटीनं भिंत फोडायची परवानगी याच मापाला दिलीय, सुमित्रा. नियम तोडू?"

मग त्यानं करोल बागेत गाड्यांचे सायलेन्सर कापणाऱ्याकडून बंदुकीची नळी कापून आणली.

पुढे परवान्याच्या नूतनीकरणासाठी कायदा वाचताना साहेबांचा चेहरा उतरला. नळी विनापरवाना कापणं हाच गुन्हा. त्यातून ती वीस इंचांच्या आत आली, तर बंदूक थेट निषिद्ध वर्गात. आमची भरली अठरा. रिटायरमेंट तोंडावर आलेली, आणि तुरुंगवास झाला तर पेन्शनवरही पाणी.

"आधी वकील गाठ," मी म्हटलं.

"वकील कशाला? कार्योत्तर मंजुरी घेऊ. ऑफिसात रोज देतो आम्ही."

मीही त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. इन्स्पेक्टरनं अर्ज वाचला, बंदूक पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नळीला टेप लावला आणि टोकाशी अंगठा ठेवला.

"बीस इंच," तो हवालदाराला म्हणाला. "लिखो, पुरानी बंदूक, मालिक ने खुद जमा कराई. सर, आप घर जाइए."

त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

विनायकनं चष्मा लावून कागद वाचायला घेतला. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"इसमें फैक्चुअल एरर है," तो म्हणाला. "अठारह है."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. "मैडम, आप बताइए. कितना है?"

"बीस," मी म्हटलं.

"इन्होंने नापा नहीं है," विनायक म्हणाला. त्यानं स्वतः टेप उचलला, नळीला नीट सरळ धरला आणि आकडा हवालदाराला वाचून दाखवला. इन्स्पेक्टरनं कपाळाला हात लावला. हवालदारानं वीस खोडून अठरा लिहिले.

मी रडत होते, आणि विनायक हवालदाराला सांगत होता, जिथे खाडाखोड झालीय तिथे सही करा.